काकांच्या प्रेसमधला पीसी चालूच होत नाही: दुरुस्तीच्या नोंदी

वाईत काकांची छोटी ऑफसेट प्रेस आहे, तिथल्या डीटीपी मशीनच्या या नोंदी. मशीन २०१४ चं. चौथ्या जनरेशनचा आय३, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, नंतर टाकलेली २४० जीबीची एसएसडी, आणि कॅबिनेटबरोबरच आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेतून पीसीला लागणारी कमी व्होल्टची वीज बनवणारा डबा. त्यावर विंडोज ७, श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि कोरलड्रॉ. एवढं जुनं झालंय तर टाकून का देत नाही असं बरेच जण विचारतात. पण सगळ्या जुन्या पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल हे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, फॉन्टचं डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) याच मशीनवर चालतं, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणजे पत्रकांची कामं गळ्यापर्यंत आलेली. पत्रकाच्या खाली मुद्रक म्हणून काकांचं नाव-पत्ता छापायला लागतो, कायदाच आहे तसा, त्यामुळे मजकूर बाहेरून सेट करून आणणं त्यांना अजिबात चालत नाही, ओळ न ओळ स्वतः बघणार. तेव्हा हाच पीसी उभा करायचा हे ठरलं.

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळीत प्रेस बंद होती, मेन स्विचसकट. काल उघडल्यावर पीसी चालू होईना.

लक्षणं नीट लिहून ठेवतो कारण पुढे तीच कामाला येतात. बटण दाबलं की प्रोसेसरचा फॅन पाव चक्कर फिरतो आणि थांबतो. स्क्रीनवर काही नाही, बीप नाही. मदरबोर्डवरचा बारका हिरवा एलईडी मात्र लागलेला असतो. परत दाबलं तरी तेच. खूप वेळा दाबत बसलं तर कधीतरी अचानक उठतो आणि मग संध्याकाळपर्यंत कसलीच तक्रार नाही, हँग नाही, रिस्टार्ट नाही. काका म्हणाले, "अरे दिवाळीच्या आधीपासनंच सकाळी दोन-तीनदा बटण दाबायला लागत होतं." सकाळीच का, हे आज कळलेलं नाही.

एका रिपेअरवाल्याने बघून मदरबोर्ड गेला असं सांगितलंय, जुना बोर्ड साडेचार हजार, वॉरंटी एक महिना. त्याने व्होल्ट मोजायचा मीटर लावलाच नव्हता. मीटर न लावता बोर्ड गेला म्हणणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत असं माझं मत, काकांनाही तेच सांगितलं.

आज फक्त बाहेरच्या गोष्टी बघितल्या. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, पॉवर केबल मॉनिटरची लावून बघितली, सॉकेटला मीटर लावला तर २३४ व्होल्ट, एसएमपीएसच्या मागचं बटण ऑन आहे ना ते बघितलं. सगळं ठीक आणि फरक शून्य. पण हे पाच मिनिटांत होतं आणि फुकटात होतं म्हणून पहिलं हेच करा.

६ नोव्हेंबर, बुधवार

दुरुस्तीला हात लावायच्या आधी डेटा. एसएसडी काढली, यूएसबीच्या केसमध्ये घातली (२८० रुपये) आणि चालू कामं लॅपटॉपवर कॉपी केली. लॅपटॉपवर त्या फाइली उघडल्या की फॉन्ट नसल्याने मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात, म्हणजे काम होत नाहीच, पण निदान फाइली दोन जागी आहेत. काकांचा जीव जरा खाली पडला.

मग कॅबिनेटचं बटण. बटणाच्या दोन वायरी मदरबोर्डवर खाली कोपऱ्यात पिनांवर बसतात, त्या काढल्या आणि त्याच दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. बटणही एवढंच काम करतं. फॅन तसाच पाव चक्कर. म्हणजे बटण निर्दोष. कुठल्या दोन पिना ते बोर्डवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, मोबाइलची बॅटरी लावून वाचा, अंदाजाने शेजारच्या पिना जोडू नका.

रॅम काढून खोडरबराने पट्ट्या घासल्या, एकच स्टिक एकदा या स्लॉटला एकदा त्या स्लॉटला, मग दुसरी स्टिक. काही नाही. खरं म्हणजे रॅमचा फॉल्ट असता तर बहुधा फॅन फिरत राहिला असता आणि स्क्रीन काळी राहिली असती, फॅन असा लगेच थांबला नसता. तरी आपल्याकडे पीसी बंद पडला की पहिलं रबर हातात घेतात, म्हणून करून टाकलं.

बोर्डवरचा सीआर२०३२ सेल २.४ व्होल्ट दाखवत होता, नवीन तीनच्या वर दाखवतो. बदलला, ४० रुपये. काकांची तारीख दर वेळी मागे जायची ते आता थांबेल, पण चालू व्हायचा प्रश्न सुटला नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस चुकीच्या दिशेने गेला. तुम्हीही जाल म्हणून सविस्तर लिहितोय.

दुपारी जेवण झाल्यावर मदरबोर्ड कॅबिनेटमधनं बाहेर काढला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. नुसता बोर्ड, प्रोसेसर त्याच्या फॅनसकट, एक रॅम, एसएमपीएसच्या २४ पिनची आणि प्रोसेसरजवळची ४ पिनची अशा दोन केबली. कीबोर्ड, माऊस, डोंगल, प्रिंटर, काहीही लावलं नाही. पिना जोडल्या आणि पहिल्या झटक्यात चालू! फॅन फिरतोय, मॉनिटर लावला तर डिस्प्ले पण आला.

आता बाहेर चालतो आणि आत चालत नाही म्हटल्यावर कुणीही म्हणेल कॅबिनेटमध्ये कुठेतरी शॉर्ट होतंय. मीही तेच म्हणलं. बोर्डखालचे पितळी स्टँडऑफ (ज्यांच्यावर बोर्ड टेकतो ते छोटे खांब) सगळे तपासले, एक जास्तीचा सापडला ज्याच्यावर बोर्डला भोक नव्हतं, तो काढून टाकला. मागची पत्र्याची पट्टी लॅनच्या पोर्टमध्ये घुसली होती ती सरळ केली. धूळ ब्लोअरने काढली, प्रोसेसरची थर्मल पेस्ट वाळलेली ती बदलली (१२० रुपये). सगळं परत बसवलं, संध्याकाळी पाचला दाबलं, चालू झाला. काकांनी रात्री नऊपर्यंत दोन पत्रकं सेट केली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साडेसातला फोन. "चालू होईना रे." गेलो तर तीच पाव चक्कर.

मग एसएमपीएसची ती सगळ्यांना माहीत असलेली टेस्ट केली. २४ पिनचं कनेक्टर बोर्डमधनं काढायचं आणि त्यातली एकुलती एक हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीशी पेपरक्लिपने जोडायची. प्लग काढलेला असताना क्लिप लावायची आणि मग सप्लाय द्यायचा. फॅन मस्त चालू झाला. मीटरवर पिवळी १२.१, लाल ५.०८, नारिंगी ३.३४. करडी वायर, जी बोर्डला सप्लाय तयार आहे असं सांगते, तीही पाचच्या जवळ. प्रत्येकाला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. सगळं आत बसतंय.

म्हणजे एसएमपीएस चांगला आणि रिपेअरवाल्याचं बरोबर? इथेच बहुतेक लोक बोर्ड बदलतात.

पण जांभळी वायर राहिली होती. पीसी बंद असताना, नुसता प्लग लावलेला असताना, त्या वायरीवर कायम ५ व्होल्ट असतात, स्टँडबाय. बटण दाबलं हे बोर्डला कळतं ते याच सप्लायच्या जोरावर. पेपरक्लिपच्या टेस्टमध्ये बोर्ड जोडलेलाच नसतो त्यामुळे जांभळीवर लोड जवळपास नसतोच. टाकीत पाणी दिसतंय पण नळ सोडल्यावर धार येते का हे कुणी बघितलंच नाही, असं आहे ते.

म्हणून कनेक्टर परत बोर्डला लावलं, मीटरची काळी पिन कॅबिनेटच्या पत्र्याला आणि लाल पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने जांभळ्या वायरीच्या भोकात घातली, आत धातूला टेकेपर्यंत. काहीही न करता ५.०४. मग पुतण्याला बटण दाबायला लावलं आणि मी मीटरकडे डोळे लावून बसलो. बटण दाबताक्षणी ३.९, फॅनची पाव चक्कर, परत ५.०४. परत दाबलं, ३.७. आपला साधा मीटर हळू असतो, खरी घसरण त्याहून खोल असणार.

सापडलं. बोर्ड एसएमपीएसला उठ म्हणतो, तेवढ्यात त्याचा स्वतःचाच स्टँडबाय सप्लाय बसतो, बोर्ड बेशुद्ध पडतो, एसएमपीएस परत बंद.

मग कालचं कोडं पण सुटलं. यूएसबीची सगळी उपकरणं काढून दाबलं, तिसऱ्या वेळी चालू झाला. कीबोर्ड, डोंगल वगैरे पीसी बंद असतानाही या बोर्डवर जांभळीतूनच करंट घेतात, ते काढल्यावर तिच्यावरचा भार कमी झाला. काल खोक्यावर यातलं काहीच जोडलेलं नव्हतं आणि वर दुपारची वेळ, म्हणून तो पहिल्या झटक्यात उठला. शॉर्टचा काही संबंधच नव्हता.

दुपारची वेळ असं म्हणतोय कारण पुढची टेस्ट. प्लग काढला, बहिणीचा हेअर ड्रायर आणला आणि एसएमपीएसच्या जाळीतून दोनेक मिनिटं गरम हवा आत सोडली. प्लग लावला, यूएसबी सगळं लावलेलं, बटण दाबलं. पहिल्याच वेळी चालू. एसएमपीएसच्या आत व्होल्टेज स्थिर धरायला कॅपॅसिटर असतात, असा कॅपॅसिटर आतून वाळला की त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. आमच्याकडे दिवाळीनंतर सकाळी चांगला गारठा असतो, आणि काका रात्री मेन स्विच बंद करून जातात म्हणजे एसएमपीएस रात्रभर पार गार. "सकाळीच" चं उत्तर मिळालं.

९ नोव्हेंबर, शनिवार

नुसत्या तर्कावर पैसे घालायचे नाहीत म्हणून कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या मित्राकडनं त्याचा चालू एसएमपीएस उसना आणला आणि सकाळी सात वाजता, गारठ्यातच, लावला. यूएसबी सगळं जोडलेलं. पहिल्या दाबात चालू. जांभळी बटण दाबताना ४.९८ च्या खाली गेली नाही. म्हणजे बोर्ड ठणठणीत आहे आणि साडेचार हजार वाचले. मित्राला सोमवारी परत द्यायचाय, तोपर्यंत काकांचं काम सुरू.

मग पुण्याला गेलो, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टची दुकानं आहेत तिथे. १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचे लो ईएसआर (म्हणजे अंतर्गत रेझिस्टन्स कमी असलेले) कॅपॅसिटर, १०५ डिग्रीवाले, आणि ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे काही, मिळून १२० रुपये. जांभळीवर लोड टाकून बघायला ४.७ ओहम १० वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर, १५ रुपये. जाताना जुन्या कॅपॅसिटरची जाडी-उंची मोजून न्या, नवीन त्याच मायक्रोफॅरडचा असला तरी जाड असला तर शेजारच्या हीटसिंकला (गरम पार्टची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीला) टेकतो. ८५ डिग्रीवाला स्वस्त देतात तो घेऊ नका, एसएमपीएसच्या आत गरम असतं, तो लवकर वाळतो.

एक चांगला ४५० वॉटचा नवीन एसएमपीएस पण घेतला, २३५० रुपये. सहाशे-सातशेला "५०० वॉट" लिहिलेले मिळतात, हातात घेतले तर वजनच नसतं, आत फिल्टरचे पार्ट गाळलेले असतात. प्रेसच्या मशीनला तसला लावायचा नाही. जुना दुरुस्त होईल याची खात्री होती तरी नवीन घेतला कारण त्या डब्यातले बाकीचे कॅपॅसिटर आणि फॅन त्याच वयाचे आहेत आणि काकांचं पोट या मशीनवर आहे. दुरुस्त केलेला स्पेअर म्हणून राहील.

१० नोव्हेंबर, रविवार

एसएमपीएस उघडायचा दिवस. ज्यांनी कधी सोल्डरिंग केलेलं नाही त्यांनी इथे थांबा आणि सरळ नवीन बसवा. आत जो मोठा कॅपॅसिटर असतो त्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथेच राहू शकतात. माझ्या डब्याचा प्लग काढून बराच वेळ झाला होता, तरी उघडल्यावर आधी मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजलं, ३ व्होल्ट निघाले. जास्त निघाले असते तर होल्डरला वायरी जोडलेला ६० वॉटचा बल्ब त्याच्या दोन टोकांना लावून उतरवायचे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवतात ते करू नका, पट्ट्या जळतात आणि डोळ्यात उडतं.

उघडायच्या आधी रेझिस्टरची टेस्ट घेऊन ठेवली, नंतर तुलना करायला. जांभळी आणि काळी यांच्यामध्ये ४.७ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण एक अँपिअरचा लोड. लेबलवर जांभळीला २ अँपिअर लिहिलेत. एकावरच ३.६ व्होल्ट. रेझिस्टर चांगलाच तापतो, टेबलावर ठेवू नका, मी फरशीच्या तुकड्यावर ठेवला होता.

आत बघितलं तर एकही कॅपॅसिटर फुगलेला नाही. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण फुगलेला दिसला नाही की लोक झाकण लावून टाकतात. जांभळी वायर एसएमपीएसच्या आतल्या बोर्डला जिथे येते तिथून मागे मागे गेलो, दोन १००० मायक्रोफॅरडचे आणि त्यांच्यामध्ये एक छोटी कॉइल. पलीकडे हाय व्होल्टेजच्या बाजूला स्टँडबायच्या छोट्या आयसीजवळ ४७ मायक्रोफॅरडचा एक, तो हीटसिंकला चिकटूनच बसवलेला, दहा वर्षं भाजत असणार. काढून मित्राच्या ईएसआर टेस्टरवर लावले. डायोडनंतरचा पहिला १००० वाला १६० मायक्रोफॅरड दाखवतो आणि ईएसआर ४ ओहमच्या वर, नवीन एक ओहमच्या दहाव्या भागाच्याही खाली दाखवतो. दुसरा बराच बरा, ७९०. हीटसिंकजवळचा ४७ वाला ११ वर आलेला. तिन्ही बदलले.

काढताना वेळ गेला. कॅपॅसिटरचं निगेटिव्ह टोक तांब्याच्या मोठ्या पट्ट्यात असतं, ते सगळी उष्णता ओढून घेतं, माझ्या २५ वॉटच्या गनने सोल्डर वितळेचना आणि जास्त वेळ धरलं तर पट्टा उचकटायची भीती. शेवटी टीव्ही रिपेअरवाल्या शेजाऱ्यांची ६० वॉटची आणली, आधी थोडं ताजं सोल्डर सोडलं की जुनं पटकन वितळतं, मग पंपाने ओढून घेतलं. बसवताना कॅपॅसिटरवरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, छापलेल्या खुणेवर विसंबलो नाही.

पहिल्यांदा सप्लाय दिला तो सिरीज बोर्डवरून, १०० वॉटचा बल्ब मध्ये. काही उलटं बसलं असेल तर बल्ब भगभगून लागतो आणि बाकी काही जळत नाही. क्षणभर लागला आणि विझला, म्हणजे ठीक. मग डबा बंद करून थेट लावला. जांभळी मोकळी ५.०५, रेझिस्टर लावून ४.९७. सकाळी याच रेझिस्टरवर ३.६ होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर दुरुस्त केलेला डबा मुद्दाम गच्चीवरच्या खोलीत गार ठेवला. सकाळी सहाला प्रेसमध्ये लावला, यूएसबी सगळं जोडून. पहिल्या दाबात. बंद करून, प्लग काढून, थोड्या वेळाने परत. पहिल्या दाबात. मग तो काढून नवीन बसवला, मित्राचा परत केला. काकांनी त्याच्यासाठी क्लासची पावतीपुस्तकं छापून दिली, पैसे घेतले नाहीत.

आतापर्यंतचा खर्च: केस २८०, सेल ४०, पेस्ट १२०, कॅपॅसिटर आणि रेझिस्टर १३५, नवीन एसएमपीएस २३५०, पुण्याचं एसटी वेगळं. यातले पेस्टचे पैसे आणि गुरुवारची अख्खी दुपार वाचली असती, जांभळी वायर पहिल्याच दिवशी बटण दाबताना मोजली असती तर. मीटर आणि दोन मिनिटं, बाकी काही लागत नाही त्याला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मतदान, निकाल सगळं झालं, आता पत्रिकांचा सीझन. पीसी रोज सकाळी एका दाबात उठतो, गारठा वाढलाय तरीही.

बिलिंगला एक दुसरा पीसी आहे, त्याच वर्षी त्याच दुकानातून घेतलेला, एसएमपीएसही तोच. त्याची काहीच तक्रार नव्हती. तरी आज सकाळी त्याच्या जांभळीला तोच रेझिस्टर लावून बघितला, मोकळी ५.०२ आणि लोडवर ४.४. अजून चालतोय पण खालची मर्यादा ४.७५ आहे. दुरुस्त केलेला स्पेअर डबा तिथे बसवला आणि त्याचा काढून घरी आणलाय. कॅपॅसिटर उरलेत, रविवारी तो उघडतो.